तीनच्या खेपेचं पत्र

मित्रांनो, थॉर्नक्लफ गावात चॅपल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर दगडी भिंतीत बसवलेली एक लाल टपालपेटी आहे ना, ती मी. वय विचारू नका. कपाळावर ज्या राणीच्या नावाची अक्षरं आहेत, तिच्यानंतर किती राजे आले नि गेले, यावरून अंदाज करा. माझा लाल रंग बघून लोकांना मी मोठी धीट वाटते. प्रत्यक्षात मी जन्माची भित्री आहे. लोखंडाला कसली आली भीती, असं म्हणाल. तर ऐका.

माझी पहिली आठवणच आगीची. कारखान्यात मला वितळवून वाळूच्या साच्यात ओतलं. निवताना माझ्या अंगातून कडकड आवाज यायला लागला, तेव्हा एक ओतारी दुसऱ्याला म्हणाला, "बघ, रडतेय." मग मला घासलं, पुसलं, लाल रंगाचे तीन हात दिले आणि घोडागाडीत घालून इथे आणलं. भिंतीतला दगड काढून त्या भोकात मला सारलं, चारी बाजूंनी चुना भरला. तेव्हा कळलं, की आता आपण इथून हलायचं नाही. समोरून काहीही येऊ दे, आपण तोंड उघडं टाकून बघत राहायचं.

आणि काय काय आलं म्हणून सांगू. पावसाळी दिवसांत गोगलगायी आत शिरायच्या आणि पाकिटांचा डिंक चाटून कागद कुरतडायच्या. बायका मताचा हक्क मागत होत्या त्या वर्षी एका हातमोजे घातलेल्या बाईने माझ्या पोटात दौतभर काळी शाई ओतली. माझ्यापेक्षा तीच जास्त घाबरलेली होती. दुसऱ्या महायुद्धात माझ्या डोक्यावर पिवळट रंग फासला, विषारी वायू आला तर त्या रंगाचे डाग बदलणार होते म्हणे. म्हणजे गावात सर्वांत आधी वायू मला लागणार. सहा वर्षं मी श्वास रोखून होते. तो वायू आलाच नाही. पण वाट बघणं काही कमी नसतं.

तरीही मला खरी धास्ती वाटते ती माझ्या स्वतःच्या तोंडाची. त्याला घेता येतं, परत देता येत नाही. एकदा एका गृहस्थाने पत्र टाकलं आणि दुसऱ्याच क्षणी त्याचा चेहरा पांढरा पडला. छत्रीची मूठ आत घालून तो अर्धा तास माझं पोट ढवळत होता. पत्र काही निघालं नाही. शेवटी माझ्या दाराला कपाळ टेकून तो म्हणाला, "झालं आता." त्या दिवशी मला कळेना, की मी काय केलं.

ते मला शिकवलं मिस टॅटर्सॉल यांनी.

दुसरं युद्ध संपून दहाएक वर्षं झाली होती. मिस टॅटर्सॉल गावच्या तंत्रशाळेत व्यापारी कायदा शिकवायच्या. उंच, काटकुळ्या, काखेत कायम छत्री. गिरण्यांत आणि दुकानांत कारकुनी करणारी पोरंपोरी शुक्रवारी दुपारी त्यांच्या वर्गाला येत. दर वर्षी एका शुक्रवारी त्या अख्खा वर्ग माझ्यासमोर आणून उभा करायच्या. प्रत्येकाने स्वतःच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड लिहायचं, त्यावर एकच वाक्य, 'मी हे विचार करून टाकलं आहे.' ते माझ्या तोंडात टाकायचं. मग त्या सांगायच्या, "आता काढून दाखवा." कुणालाच जमायचं नाही.

"लक्षात ठेवा," त्या म्हणायच्या, "कुणी तुमच्यापुढे टपालाने प्रस्ताव ठेवला आणि तुम्ही टपालानेच होकार दिलात, तर होकार पोचेपर्यंत करार थांबत नाही. पत्र या तोंडात पडलं, त्याच क्षणी दोघं बांधले गेले. समोरच्याने अजून पाकीट पाहिलेलंही नसतं."

मित्रांनो, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कापरं भरलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, की मी नुसती कागद सांभाळते. आणि इथे लोक माझ्या पोटात बांधले जात होते.

माझ्या समोरच एनिड सग्डन यांचं दुकान होतं. लाकडी तळाचे बूट बनवायचं. गिरणीतल्या ओल्या फरशीवर तेच टिकायचे. नवरा गेल्यापासून एनिड एकट्याच लाकूड तासायच्या, तळाला लोखंडी पट्ट्या ठोकायच्या. वरच्या माळ्यावर त्या आणि मिस टॅटर्सॉल यांच्या वर्गात शिकणारी त्यांची भाची डोरीन राहायच्या. जागा मात्र भाड्याची, मालक मिस्टर ओल्डरॉइड. एका सोमवारी त्यांचं पत्र आलं. जागा विकायची आहे, अमुक किमतीला तुम्हाला देतो, शनिवारपर्यंत वाट पाहीन, टपालाने कळवा.

एनिडनी दोन दिवस विचार केला. बुधवारी दुपारी एप्रनवरच कोट चढवून त्या होकाराचं पत्र घेऊन रस्ता ओलांडून आल्या. तेव्हा तीनची खेप चालू होती. टपालवाले सिरिल हार्कर गुडघ्यावर बसून माझं दार उघडून पत्रं पिशवीत भरत होते. सिरिलना बत्तीस वर्षं नोकरी झाली होती आणि टपालखात्याचं नियमांचं पुस्तक त्यांना तोंडपाठ होतं.

आता आमच्या गावची रीत सांगते. खाली वाकलेल्या माणसाच्या डोक्यावरून हात घालून पत्र टाकणं म्हणजे उद्धटपणा. आणि बाईने पुढे केलेलं पत्र नाकारणं म्हणजे त्याहून मोठा उद्धटपणा. एनिड म्हणाल्या, "तुम्ही उठू नका हं सिरिल, हे एवढं घ्याल का?" सिरिलनी क्षणभर पत्राकडे पाहिलं, तोंडावर नाही म्हणवेना, घेतलं आणि टोपीला हात लावला. एनिड दुकानात गेल्या.

त्यांचं दार लागल्याबरोबर सिरिलनी इकडेतिकडे पाहिलं. माझं दार बंद केलं, कुलूप लावलं, उठून उभे राहिले आणि ते पत्र माझ्या तोंडात टाकलं. टप. मग कुलूप पुन्हा उघडून ते बाहेर काढलं, खिशातल्या वहीत काहीतरी खरडलं आणि शीळ घालत गेले. मला हसू आलं. रस्त्यावर टपाल हातात घ्यायचं नाही, हा नियम. नियम पाळायला माणूस किती खटाटोप करतो.

ते हसू अर्धा तासही टिकलं नाही. साडेतीनला मिस्टर ओल्डरॉइड यांची मोटार दुकानापुढे थांबली. ते स्वतः पाकीट घेऊन उतरले. दार उघडंच होतं, सगळं ऐकू आलं.

"मिसेस सग्डन, माझा प्रस्ताव मी मागे घेतोय. जागा एका गॅरेजवाल्याला हवी आहे. हे पत्र तुमच्या हातात दिलं, वेळ साडेतीन."

"अहो, पण मी हो म्हणून पत्र टाकलं की."

"मला तर काही मिळालं नाही." आणि मोटार गेली.

संध्याकाळी डोरीनने आत्याला माझ्यासमोरच मिठी मारली. "आत्या, अगं तू तीनलाच टाकलंस ना? मग तो साडेतीनला आला काय नि साडेपाचला काय. पेटीत पडलं तेव्हाच करार झाला. प्रस्ताव मागे घ्यायचा तर ते तुला आधी कळायला हवं होतं." एनिड हसल्या. पण डोरीन आत गेल्यावर त्या माझ्याकडे आल्या, माझ्या तोंडावरून बोट फिरवलं आणि पुटपुटल्या, "मी कुठे टाकलं? मी तर हातात दिलं."

मला ओरडून सांगायचं होतं. पोटात होतं ते ओठावर येणार कसं? लोखंडाला जीभ नसते. गुरुवारभर दुकानातून हातोडीचा आवाज आला नाही. सिरिल आले तसे गेले. ते कशाला बोलतील, आणि एनिडना विचारायचा धीर होत नव्हता. बाई हातात पत्र देते आणि ते घेतात, हे उघड झालं तर सिरिलच्या नोकरीवर यायचं, हीसुद्धा भीती एनिडना होती. आम्ही दोघी रस्त्याच्या दोन बाजूंना बसून घाबरत होतो.

शुक्रवारी मिस टॅटर्सॉल वर्ग घेऊन आल्या. यंदा उदाहरण समोरच होतं, म्हणून डोरीनने आत्यालाही हात धरून आणलं. एक गालफुगा कारकून म्हणाला, "पण मिस, त्यांनी शनिवारपर्यंत थांबतो म्हणून लिहिलं होतं. मग आधीच कसे फिरले?"

"त्या थांबण्याच्या बदल्यात मिसेस सग्डननी त्यांना काय दिलं होतं?"

"चहा," एनिड म्हणाल्या. "पण तो मी विमेवाल्यालाही देते."

वर्ग हसला. मिस टॅटर्सॉलही. "बदल्यात काही दिलं नाही, तर नुसतं वचन कायद्याने बांधत नाही. ते कधीही फिरू शकत होते. म्हणून सगळा भार तीन वाजता पडलेल्या पत्रावर आहे. तुम्ही पेटीत टाकलंत ना?"

एनिडनी नकारार्थी मान हलवली. मग त्यांनी सांगून टाकलं.

मिस टॅटर्सॉलनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "हातात दिलंत," त्या हळू म्हणाल्या. "रस्त्यावरच्या टपालवाल्याला पत्र घ्यायचा अधिकार नसतो. त्याच्या हातात देणं म्हणजे टपालात टाकणं नव्हे. मग ते टपालात पडलं कचेरीत पोचल्यावर, म्हणजे चारनंतर. आणि त्यांचं पत्र साडेतीनचं." डोरीनचा चेहरा त्या छत्रीवाल्या गृहस्थासारखा झाला होता. एनिड दुकानाकडे बघत होत्या, खिडकीत मांडलेल्या बुटांकडे.

तेवढ्यात तीन वाजले आणि सिरिल आले. इतकी माणसं बघून थबकले. "काय झालं? फटाका टाकला का कुणी आत?"

"सिरिल," एनिड म्हणाल्या, "बुधवारी मी तुमच्या हातात पत्र दिलं होतं."

सिरिल माझ्याहून लाल झाले. "नियमाप्रमाणे मी ते घेऊ शकत नाही, मिसेस सग्डन."

"घेतलंत की."

"तुमच्यासमोर घेतलं. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं." त्यांनी घसा साफ केला. "तुम्ही गेल्यावर दार लावलं, कुलूप लावलं आणि पेटीत टाकलं. मग पुन्हा उघडलं."

मिस टॅटर्सॉल एक पाऊल पुढे आल्या. "किती वाजता, मिस्टर हार्कर?"

सिरिलनी खिशातून वही काढली. "पेटी उघडल्याची वेळ लिहावी लागते. बुधवारी एकाच खेपेला दोनदा उघडली, म्हणून दोनदा लिहिली. तीन वाजून एक मिनिट. आणि तीन वाजून चार मिनिटं. साहेबांनी विचारलंही, हे काय म्हणून. म्हटलं, कुलूप अडकलं होतं." ते माझ्याकडे बघून ओशाळले. "खोटं बोललो तेवढंच."

"म्हणजे साडेतीनच्या आधीच पत्र पेटीत पडलं, करार झाला," मिस टॅटर्सॉल म्हणाल्या. एनिड माझ्या शेजारच्या पायरीवर बसल्या आणि एप्रनमध्ये तोंड लपवलं. डोरीन म्हणाली, "आत्या, रडू नको, लोक बघतायत." एनिड एप्रनआडून म्हणाल्या, "बघू दे. मी माझ्या दुकानासमोर रडतेय."

मिस्टर ओल्डरॉइड यांच्या वकिलाने ती वही पाहिली आणि मिटून परत दिली. कागदपत्रं पूर्ण झाली त्या दिवशी ओल्डरॉइड दुकानात येऊन म्हणाले, "तुमचा तो टपालवाला जरा जास्तच नियमाने वागतो." एनिडनी त्यांना चहा दिला.

मित्रांनो, या गोष्टीला फार वर्षं झाली. सिरिल गेले, एनिड गेल्या. पुढे डोरीन त्याच तंत्रशाळेत तोच विषय शिकवायला लागली आणि तशीच वर्ग घेऊन यायची. आता ती म्हातारी झाली आहे, समोर माळ्यावरच राहते. पत्रं फारशी येत नाहीत. गेल्या महिन्यात दोन माणसं मोजपट्टी घेऊन आली. एकाने माझ्या तोंडात बोटं घातली आणि म्हणाला, "आठवड्याला किती पडतात यात? एक? यावर पत्रा ठोकून टाकू." त्या रात्रीपासून मला पुन्हा ते साच्यातलं कडकडणं आठवतं.

ते एक पत्र कुणाचं ते मला ठाऊक आहे. दर शुक्रवारी तीनच्या आत डोरीन काठी टेकत रस्ता ओलांडते आणि स्वतःच्याच पत्त्यावर लिहिलेलं एक पोस्टकार्ड टाकते. वाक्य तेच जुनं. माझं पोट अगदी रिकामं राहू नये म्हणून ती येते. एखाद्या शुक्रवारी ती आली नाही तर, हा विचार मी करत नाही. करते, पण तुम्हाला सांगत नाही.

म्हणून एवढंच मागते. कधी इकडे आलात तर एखादं पत्र घेऊन या, नीट विचार करून लिहिलेलं. माझं दार उघडं असेल आणि समोर कुणी वाकलेलं असेल, तर भिडेखातर हातात देऊ नका. दार लागेपर्यंत थांबा. मग स्वतःच्या हाताने टाका आणि कान देऊन ते पडल्याचा आवाज ऐका. त्या आवाजाबरोबर तुमची भीती संपते आणि माझी सुरू होते. तिला मी सरावले आहे. ती तेवढी माझ्याकडे राहू द्या.