अकरा मिनिटांचा थांबा

मुलगी शिकते काय, ते घरच्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. 'भूगोलातल्या संशोधन पद्धती' या विषयात एम.ए. करायला परदेशी गेली आहे, हे वाक्य आई शेजारपाजारी न अडखळता म्हणून दाखवायची. फोनवर मात्र विचारायची, "म्हणजे दिवसभर करतेस तरी काय?"

"म्हाताऱ्या माणसांबरोबर चालते."

"अगं, मग त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं? तुझे बाबा रोज एकटेच फिरायला जातात!"

भावाने तर तिचं जुनं टोपणनाव पुन्हा बाहेर काढलं. लहानपणी ती घरातल्या उशांना ओळीने बसवून शिकवायची, चुकलेल्या उशीला छडीही मारायची, म्हणून मास्तरीण. नियमाला एवढी पक्की पोरगी अख्ख्या घरात दुसरी नव्हती. पुढे जे झालं ते त्या पक्केपणामुळेच झालं, असं मला वाटतं.

आईला सांगितलं होतं ते खरंच होतं. परक्या देशात येऊन म्हातारी झालेली माणसं रोज कुठून चालतात आणि कुठे, का थांबतात, एवढंच शोधायचं. माणसाच्या कॉलरला छोटा माइक लावायचा आणि त्याच्या नेहमीच्या रस्त्याने सोबत चालायचं. वाटेची नोंद फोनमध्ये आपोआप होत राही. घरी येऊन नकाशा उघडला की त्यावर एक रेघ दिसे आणि जिथे माणूस थांबला तिथे ठिपका. जितका वेळ जास्त, तितका ठिपका मोठा.

ऐकायला सोपं, पण बारा माणसं मिळवताना मास्तरणीच्या नाकी नऊ आले. सातवं माणूस तेवढं आपणहून मिळालं. कपडे धुण्याच्या दुकानात एका बंद पडलेल्या मशीनला कोणीतरी खणखणीत मराठीत झापत होतं. ते लिफ्टवाले काका. चाळीस वर्षं त्यांनी शहरभरच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि स्वतः मात्र सगळीकडे जिन्याने गेले. "मला त्यांच्या सगळ्या भानगडी माहीत आहेत ना," म्हणायचे.

संमतीपत्रावर सही घ्यायला ती त्यांच्या घरी गेली. काकूंनी चहा ठेवला. तिने एकेक कलम वाचून दाखवलं. नाव कुठेही येणार नाही. बोललेलं कोणालाही सांगितलं जाणार नाही, घरच्यांनाही नाही. सगळं लिहून काढलं की तीस दिवसांत रेकॉर्डिंग पुसून टाकलं जाईल.

"घरच्यांनाही नाही?" काका म्हणाले. "अरे, हा कागद मला लग्नाआधी मिळायला हवा होता!"

"मला कोणी दिला असता तर मीही केली असती सही," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. तिघंही हसले.

दोन दिवसांनी ती काकांबरोबर चालली. काका प्रत्येक इमारतीपुढे मान वर करून बघत. हिची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर रुसते, तिचं दार म्हाताऱ्यांना चावतं. शाळेच्या भिंतीलगत एक बाक होता. तिथे ते बसले.

"पोटात गाठ आहे," मग म्हणाले. "ऑपरेशन करून फायदा नाही म्हणतात डॉक्टर. हिला बोललेलो नाही. चार वर्षांनी बहिणीकडे जायला निघाली आहे, तिकीट काढून बसली आहे. हसत जाऊन येऊ दे. तू नको सांगूस. तुझ्या कागदावर लिहिलंय, घरच्यांनाही नाही."

मास्तरीण धावत विद्यापीठातल्या मार्गदर्शकांकडे गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, वाईट वाटल्याचंही सांगितलं. मग म्हणाले, "तू संशोधक आहेस, नातेवाईक नाहीस. वचन दिलं आहेस ते पाळ." तिने पाळलं. अकरा मिनिटं तेरा सेकंदांचं ते बोलणं तिने शब्द न् शब्द लिहून काढलं, कंसात 'शांतता' आणि 'खोकला' लिहिलं, वर 'सहभागी सात' असा मथळा दिला आणि अठ्ठाविसाव्या दिवशी रेकॉर्डिंग पुसून टाकलं. वर्गात मार्गदर्शकांनी कौतुक केलं, मुदतीच्या आत काम करणारी एवढी एकच.

काकू बहिणीकडे महिनाभर राहून आल्या. त्यानंतर तीन आठवड्यांत काका गेले.

दहाव्या-बाराव्या दिवशी काकू विद्यापीठात आल्या. चार जिने चढून आल्या होत्या, लिफ्ट असून. खुर्चीवर टेकल्या आणि दम खात म्हणाल्या, "तुझ्याकडे यांचा आवाज असेल ना गं? घरी कुठेच नाही. सगळ्या व्हिडिओंत मीच आहे. हे आपले शूटिंग करणारे, तोंडातून अक्षर नाही. मला कॉपी नको. एकदा ऐकव फक्त."

"काकू, ते पुसलं मी."

"चुकून?"

"नाही. नियम होता."

काकूंनी मान हलवली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "मग लिहिलेलं असेल की. तेच वाच."

"तेही दाखवता येत नाही, काकू." आपलाच आवाज तिला एखाद्या खिडकीमागच्या कारकुनासारखा वाटला. काहीतरी द्यायलाच हवं म्हणून तिच्या तोंडून गेलं, "त्यांची वाट आहे माझ्याकडे. कुठे कुठे थांबले ते. आपण चालून बघू या?"

दोघी निघाल्या. फोनवरच्या रेघेवरून मास्तरीण सांगत होती आणि काकू त्या त्या जागी उभ्या राहत होत्या. इथे दोन मिनिटं. इथे दीड. एका सहा मजली इमारतीपुढे चार मिनिटं निघाली तेव्हा काकू चक्क हसल्या. "इथल्या लिफ्टमध्ये स्वतःच अडकले होते तीन तास! मला म्हणाले, कामाला उशीर झाला. खरं काय ते वॉचमनने सांगितलं." हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले. मास्तरणीला वाटलं, चला, निदान एवढं तरी आपल्या हातून बरं झालं.

मग बाक आला. नकाशावर तिथे सगळ्यांत मोठा ठिपका होता आणि तो काकूंनाही दिसला.

"इथे किती?"

"अकरा मिनिटं."

"एवढा वेळ काय करत होते?"

"गुडघा दुखत होता म्हणाले." उत्तर इतकं पटकन आलं की तिची तीच दचकली.

"हो का," म्हणत काकू बाकावर बसल्या. हातातली पिशवी मांडीवर घेतली. "मला रिपोर्ट सापडले होते. कपाटात, स्वेटरखाली. सापडले तसेच परत ठेवले. तिकीट रद्द केलं असतं तर यांना कळलं असतं मला कळलंय ते. म्हणून मी गेले. महिनाभर बहिणीच्या घरी खोटं हसत बसले. रोज वाटायचं, आज फोनवर सांगतील. नाही सांगितलं." त्यांनी रस्त्याकडे बघितलं. "मला नाही तर नाही. पण कोणाजवळ तरी मोकळे झाले असतील, असं फार वाटत होतं गं. तुझ्याशी आपल्या भाषेत बोलायचे, तुझ्यावर जीव होता यांचा. म्हणून आले मी. आवाज काय, ते निमित्त. गुडघा म्हणतेस, म्हणजे एकट्यानेच नेलं सगळं."

मास्तरणीने फोन खाली केला.

"अकरा ना? तेवढी बसते मी इथे," काकू म्हणाल्या. "तू घड्याळ बघ. झाली की सांग."

ती चार पावलांवर जाऊन उभी राहिली. काकांना दिलेल्या वचनात आता काही उरलं नव्हतं. ज्यांच्यापासून लपवायचं त्यांना आधीपासूनच माहीत होतं. एकच वाक्य बोलायचं होतं, 'काकू, मला सांगितलं होतं.' पण मग काकू विचारतील, आत्ता गुडघा का म्हणालीस? आणि इतके दिवस गप्प का बसलीस, मी निघायच्या आधी एकदा दार का नाही वाजवलंस? या प्रश्नांना तिच्याकडे फक्त कलमं होती. चौथ्या मिनिटाला शाळेची घंटा झाली. सहाव्या मिनिटाला काकूंनी शेजारच्या रिकाम्या जागेवर हात ठेवला. मास्तरणीला रडू आवरेना, तिने तोंड फिरवून नाक पुसलं. नवव्या मिनिटाला मनाचा हिय्या करून ती बाकापाशी गेली.

काकूंनी वर बघितलं. "झाली?"

"नाही," ती म्हणाली. "अजून दोन आहेत."

ती तिथेच उभी राहिली, फोनवरचे सेकंद बघत.

"झाली, काकू."

काकूंनी उठायला हात पुढे केला आणि तिने तो धरला.