पाणसळीचा बुडबुडा

‘विकणे आहे. वापरलेली कॅटमरान बोट, लांबी चाळीस फूट, नुकत्याच केलेल्या सुधारणांसह.’

जाहिरातीचं हे पहिलं वाक्य मी लिहिलं आणि मला वाटलं, झालं, सुटले. पण त्यातला ‘सुधारणांसह’ हा शब्द आमच्या ह्यांनी फारच मनावर घेतला. चार महिन्यांत जाहिरात नऊ वेळा बदलली. आधी नव्या बॅटऱ्या आल्या, मग छतावर सौरपट्ट्या, मग खारं पाणी गोडं करायचं यंत्र, मग दुसरा फ्रीज. दुकान मांडून बसायचं आणि गिऱ्हाईक दारात आलं की म्हणायचं, थांबा, अजून झाडू मारायचा राहिलाय. तसा हा प्रकार. धक्क्यावरचे सगळे ह्यांना ‘पाना’ म्हणतात, कारण ह्यांच्या हातात पाना नाही असं कुणी पाहिलेलं नाही.

आणि मला स्वस्थ बसवत नव्हतं. लेकीच्या घराखालच्या मजल्यावर दोन खोल्या विकायच्या होत्या. मालकीणबाई भल्या, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, ‘महिनाअखेरपर्यंत थांबते, पुढे मला जमायचं नाही.’ आमचं होतं नव्हतं ते बोटीत घातलेलं, म्हणजे बोट गेल्याशिवाय खोल्या येणार नव्हत्या. लेकीला सातवा महिना. हातात दिवस अठरा. मी सकाळी उठून धक्क्याच्या टोकापर्यंत जायची, परत यायची, पुन्हा जायची. शेजारच्या बोटींच्या दोऱ्या डोलकाठ्यांवर टकटक आपटत असायच्या आणि मला वाटायचं, सगळं बंदरच मला घाई करतंय. घाई नव्हती ती फक्त एका माणसाला.

कॅटमरान म्हणजे दोन लांब, अरुंद होड्या शेजारी शेजारी आणि दोघींच्या पाठीवर मिळून एक खोली. खोलीतून चार पायऱ्या उतरलं की एकीकडे डावं अंग, दुसरीकडे उजवं. आमच्याकडे उजवं अंग ह्यांचं. तिथे बॅटऱ्या, यंत्रं, हत्यारांच्या तीन पेट्या, सुटे भाग आणि त्या सुट्या भागांचेही सुटे भाग. डावं अंग माझं. तिथे आमचा बिछाना, कपडे, आणि त्यापुढे होडीच्या नाकाडाच्या टोकाला एक अरुंद कप्पा. त्यात माझ्यासारखी लहान चणीची बाईच सरपटत जाऊ शकते. ह्यांचे खांदे आडवे येतात, म्हणून बोटीवरच्या अकरा वर्षांत हे आत डोकावले नाहीत. ‘काय आहे गं तिथे?’ असं एकदा विचारलं होतं. मी म्हटलं होतं, ‘जुन्या उशा.’

ह्यांचा सगळ्यात मोठा अभिमान म्हणजे पाणसळ. गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला वापरतात ती, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली पट्टी. बोट बघायला कुणी आलं की हे ती मधल्या खोलीच्या टेबलावर ठेवायचे. बुडबुडा थरथरत बरोबर मधे येऊन थांबायचा. ‘बघा! एवढं सामान चढवलंय, पण एका केसाने कललेली नाही. प्रत्येक वस्तू वजन बघून बसवलीय मी.’

आता माझंही एक सांगून टाकते. त्या कप्प्यात उशा नव्हत्या. फरशा होत्या. ज्या ज्या बंदराला लागलो तिथून मी चार-सहा उचलल्या. वीतभर चौकोनी, जाड, कुठे निळ्या, कुठे विटकरी, एका ठिकाणच्या तर लिंबाच्या रंगाच्या. जुन्या शिडाच्या कापडात गुंडाळून एकेक आत सारली. शिवाय एक पितळी नळ, दाराच्या सहा मुठी, लोखंडी शिलाई मशीन आणि एक दगडी बेसिन. ते बेसिन मी ह्यांना हत्यारांच्या दुकानात पाठवून शेजाऱ्याच्या मदतीने चढवलं होतं. मला घर हवं होतं. हलणार नाही असं. पण बोट घ्यायच्या वेळी ‘हो’ मीच म्हटलं होतं, तेही नाचत. दिलेला शब्द गिळायचा कसा? मग लेकीला दिवस राहिले आणि मला निमित्त मिळालं.

पहिलं गिऱ्हाईक दातांचे डॉक्टर. त्यांनी विचारलं, ‘का विकताय?’ हे म्हणाले, ‘तशी घाई नाही.’ मग तीन तास त्यांना तारांची जोडणी दाखवली. डॉक्टर ओठ आवळून निघून गेले. दुसरे दोघे भाऊ. त्यांनीही तेच विचारलं. हे म्हणाले, ‘नातवंड येणार म्हणून हिचा हट्ट. मी आपला...’ आणि पुढचं वाक्य हवेत सोडून दिलं. थोरला भाऊ हसून म्हणाला, ‘म्हणजे बाळ चालायला लागलं की तुमचं मन बदलणार.’ गेले तेही. त्या दिवशी मी नुसती भांडी आपटली.

तिसरी आली एक नर्स आणि तिचा सुतार नवरा. नर्स मधल्या खोलीत येऊन बसली आणि उठेचना. सुतार लाकडावरून हात फिरवत राहिला. मला वाटलं, हेच. दोन दिवसांनी ते तपासणीवाल्या बाईंना घेऊन आले. बाई ठेंगण्या, हातात छोटी हातोडी. सगळ्या बोटीला त्यांनी टकटक करून कान लावला, बॅटऱ्या बघितल्या, यंत्रं चालवून बघितली. ह्यांची छाती फुगत चालली होती. मग बाई धक्क्यावर चक्क पालथ्या झोपल्या आणि मनगटापर्यंत हात पाण्यात घालून बोटीचं अंग चाचपू लागल्या.

‘ही निळी पट्टी किती वेळा वर सरकवलीत?’

बोट पाण्यात जिथवर बुडते तिथवर ती पट्टी असते. बोट बाहेर काढून रंगवायची वेळ आली की हे पट्टी थोडी वर घ्यायचे. मी बघितलं होतं, पण मला वाटायचं, शोभेसाठी.

‘तीनदा,’ हे म्हणाले. ‘दीड-दीड बोट.’

‘मूळची रेघ अंगातच कोरलेली असते. ती इथे आहे, पाण्याखाली चार बोटं.’ बाई उठून हात पुसायला लागल्या. ‘सुधारणा उत्तम आहेत हो. पण कॅटमरान हलकी असेल तरच कॅटमरान. लाटा मधल्या खोलीच्या तळाला आपटतात की नाही?’

‘आपटतात,’ मी म्हटलं. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी घरचं भांडण चव्हाट्यावर मांडलं.

‘ओझं उतरवा. परवा येते. रेघ पाण्याबाहेर दिसली तर मी हो लिहीन, नाहीतर नाही.’ नर्सचा चेहरा पडला. आमच्याकडे त्या दिवशी दिवस उरले होते नऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून हे उजवं अंग रिकामं करायला लागले. दुसरा फ्रीज, जनरेटर, दोन जादा नांगर, साखळदंड, हत्यारांच्या पेट्या, डबेच्या डबे खिळे. प्रत्येक वस्तू धक्क्यावर ठेवताना तिच्याकडे एकदा बघायचे. ‘पाना, दुकान टाकलंस का?’ शेजारचा ओरडला. हे हसले नाहीत. मी वरून वस्तू देत होते आणि मनात म्हणत होते, ह्यांच्याच सामानाने भागू दे. माझ्या अंगाकडे वळायची वेळ येऊ नये. भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते उगाच नाही.

दुपारी मी कांदा चिरायला घेतला. पाटावरचा दुसरा कांदा हलला, टेबलावर उतरला आणि डावीकडे घरंगळत जाऊन भिंतीला टेकला. हे दारात उभे होते. त्यांनी पाणसळ आणून टेबलावर ठेवली. बुडबुडा उजवीकडच्या टोकाला जाऊन बसला तो बसलाच.

‘डाव्या अंगात पाणी भरलंयस का टाकीत?’

‘नाही.’

‘मग काय आहे?’

‘उशा.’

‘उशांनी बोट कलत नाही गं.’

हे खाली उतरले. कप्प्यात डोकं घातलं, एक खांदा घातला आणि अडकले. तसेच हात लांबवून त्यांनी हाताला लागलं ते गाठोडं ओढलं आणि सोडलं. निळी फरशी. दुसरं ओढलं. विटकरी. ‘बाहेर या,’ मी म्हटलं, ‘तुमचा हात पुढे पोचायचा नाही.’ मग मीच आत सरपटले आणि एकेक काढून देत गेले. हे धक्क्यावर नेऊन मांडत गेले. एकशे त्रेसष्ट फरशा निघाल्या, त्यांच्यामागून नळ, मुठी, मशीन. बेसिनला शेजाऱ्याला हाक मारावी लागली. तो ‘अरे, हे अजून इथेच?’ असं बोलून गेला आणि मग त्याने जीभ चावली.

प्रत्येक फरशीच्या पाठीवर मी पेन्सिलने तारीख लिहिली होती. आठवण म्हणून, दुसरं काही नाही. हे उकिडवे बसून एकेक उलटी करून वाचत होते. सगळ्यात जुनी त्यांना सापडली.

‘सात वर्षं?’ हे म्हणाले. ‘तेव्हा तर लेकीचं लग्नही झालं नव्हतं.’

‘नव्हतं.’

‘मला वाटलं बाळासाठी.’

‘बाळ निमित्त झालं.’

‘बोलली का नाहीस?’

‘तुम्ही विचारलंत कधी?’ असं तोंडून निघून गेलं, पण ते अर्धंच खरं होतं. मी खाली बसले. ‘हो मीच म्हटलं होतं ना. उलटं फिरायची लाज वाटली.’

‘आवडलंच नाही तुला कधी?’

‘पहिली चार वर्षं फार आवडलं.’ खोटं बोलायची आता काही सोय नव्हती. ‘मग नाही.’

त्यांनी लिंबाच्या रंगाची फरशी हातात घेतली आणि कितीतरी वेळ अंगठ्याने पुसली. ‘आणि मी लोकांना सांगत होतो, माझ्या हिशोबामुळे सरळ चालते.’

मग ते उठले आणि धक्क्यावरून चालायला लागले. मागे वळून बघितलं नाही. मी त्या फरशांच्या मधे बसून राहिले. आजवर मी येरझाऱ्या घालत होते, त्या दिवशी ते घालत होते. बंदराच्या भिंतीपर्यंत आणि परत. मला भीती वाटत होती. रागाने माणूस ओरडला तर परवडतं, हे तर मुळात ओरडणाऱ्यातले नाहीत. वाटलं, आता म्हणतील, नाही विकायची. आणि म्हणाले असते तर मला काय तोंड होतं?

उन्हं उतरताना ते आले ते हातगाडी घेऊन. फरशा मोजून गाडीत लावल्या, मधे मधे माझ्या जुन्या टॉवेलांच्या घड्या घातल्या. जावयाला फोन करून सांगितलं, ‘गच्चीखालच्या खोलीत जागा करून ठेवा, सामान पाठवतोय.’

तिसऱ्या दिवशी तपासणीवाल्या बाई आल्या. मूळची रेघ कोरडी होती, पाण्यापासून बोटभर वर. बाईंनी मान डोलावली. टेबलावरच्या पाणसळीत बुडबुडा मधे होता, पण आज हे कुणाला दाखवायला गेले नाहीत. नर्सने कागदावर सही करायच्या आधी पेन थांबवलं.

‘एक विचारू का? एवढं सगळं नवं केलंत. मग विकताय का?’

हा प्रश्न आला की आमचं घोडं पेंड खायचं.

‘हिचं घर करायचं राहिलंय,’ हे म्हणाले. ‘सात वर्षं झाली. महिनाअखेरपर्यंत उरकायला हवं. घाई आहे.’

नर्सने सही केली. सुताराने ह्यांच्या हातात हात दिला. मग हे त्या दोघांना एकेक वस्तू दाखवत गेले. पंप हा, चावी ही, हे बटण दोनदा दाबायचं, पाने सगळे पेटीत आहेत, पेटी तुमची. मी दारात उभी राहून ऐकत होते आणि मला रडू येत होतं, ह्यांच्यासाठी आणि माझ्यासाठीही. शेवटी सुताराने टेबलावरची पाणसळ उचलली आणि विचारलं, ‘हीसुद्धा बोटीबरोबर ना?’

‘नाही,’ हे म्हणाले आणि ती त्याच्या हातातून काढून घेतली. ‘ही राहू द्या. फरशा बसवायला लागेल.’