खणात ठेवलेले कान

मित्रांनो, मी एक जुने कानाचे मशीन आहे. दवाखान्यात मला श्रवणयंत्र म्हणतात, घरात ‘ते शिट्टी वाजवणारं’ म्हणतात. दोन्ही खरे आहे.

मला आजोबांच्या कानात बसवले ते त्यांच्या मुलीने. आजोबा घड्याळे दुरुस्त करायचे. घड्याळ कानाशी धरून त्याचे दुखणे ओळखायचे. मी आलो त्या दिवशी त्यांना भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक पुन्हा ऐकू आली आणि ते लहान मुलासारखे हसले. मला छाती असती तर फुगली असती.

पुढे आजोबा पडले, खुबा मोडला आणि मुलाने त्यांना आपल्या घरी नेले. मुलगा वाईट नव्हता हो. औषधे वेळेवर, पथ्य काटेकोर. पण मी उशीला घासलो की शिट्टी वाजवायचो, आणि त्याचे डोके उठायचे. एके दिवशी त्याने मला डबीत घालून खणात टाकले. आजोबा कानाकडे बोट दाखवायचे, तो हातानेच ‘बिघडलंय’ म्हणायचा. मग ते हाकेला ओ देईनात, तेव्हा त्याने ठरवूनच टाकले की बाबांना आता काही कळत नाही. बहीण भेटायला आली की तो दारातूनच सांगायचा, बाबा झोपलेत, उगाच त्रास नको. चार महिने ती उंबरठ्यावरून परत गेली.

शेवटी ती वकीलबाईंकडे गेली, हे तिनेच पुढे आजोबांना सांगितले. त्यांनी सांगितले, आधी भावाशी मध्यस्थासमोर बोला. नाहीच ऐकले तर भेटीसाठी कोर्टात अर्ज करू. आणि वडिलांना काय हवे, हे आधी त्यांनाच विचारायला हवे. भाऊ मध्यस्थाकडे फिरकला नाही. अर्ज झाला, आणि कोर्टाने एका अधिकारी बाईंना घरी पाठवले.

तेव्हा मी सेल संपून खणात पडलो होतो. त्यामुळे हा भाग मला नंतर कळला, सून नणंदेला फोनवर सांगत होती तेव्हा. बाईंनी तीनदा विचारले, तुम्हाला कुठे राहायचंय? आजोबा नुसते बघत राहिले. मुलगा म्हणाला, “बघा, मी सांगत होतो.” तेवढ्यात आजोबांनी बाईंचा हात धरला, मनगटावरचे घड्याळ कानाशी नेले आणि टिकटिक ऐकू येईना तसा हात खाली सोडला.

“यांचं कानाचं मशीन कुठे आहे?” बाईंनी विचारले. सुनेने खण उघडला.

तिथून पुढचे मी स्वतः ऐकले आहे. नवा सेल पडला, मी सवयीने शिट्टी वाजवली, आणि प्रश्न पुन्हा विचारला गेला.

“इथेच राहीन,” आजोबा म्हणाले. “हा माझं सगळं करतो. पण माझी लेक दारातून परत जाता कामा नये.” मग ते मुलाकडे वळले. “बिघडलं होतं, तर मला द्यायचंस ना. आयुष्यभर दुसरं काय केलं मी?”

मुलगा त्यांच्या पायाशी बसून रडला.

आता मुलगी दर आठवड्याला येते, आणि मी दिवसा आजोबांच्या कानात आणि रात्री उशाशी असतो. मित्रांनो, म्हाताऱ्या माणसाला काही कळत नाही असे ठरवण्याआधी घरातले सगळे खण एकदा उघडून बघा. आणि मी शिट्टी वाजवली तर थोडे सोसा.