लाल रेघेच्या वर पाच बोटं

मी एक जुनी फळी आहे, मित्रांनो, आणि मी आठ वर्षं खोटं बोलले. ते मुद्दाम नव्हतं, पण बोलले हे खरंच. हे मला कळलं तेव्हा पायाखालची जमीन सरकली, आणि मला तर पायही नाहीत. त्याला आता चार वर्षं झाली. अजूनही एखाद्या दुपारी हॉल रिकामा असला की ते आठवतं आणि अंगावर काटा येतो. लाकडाच्या अंगावर काटा म्हणजे कुसळ. तेच उभं राहतं.

माझा जन्म एका पलंगातून झाला. दोघा भावंडांची आई गेली, तेव्हा तिच्या पलंगाचं काय करायचं असा प्रश्न आला. भाऊ सुतार होता. त्याने पलंगाची उशाकडची फळी काढली, रंधा मारला, बोटाबोटाच्या अंतरावर आडव्या रेघा आखल्या आणि मधोमध एक जाड लाल रेघ ओढली. मग बास्केटबॉलच्या हॉलमध्ये, रिंगजवळच्या भिंतीवर मला उंच ठोकलं. त्या हॉलची जमीन, बाकं, खिडक्या, सगळं तोच बघत असे. सगळे त्याला दादा म्हणत, कारण त्याची धाकटी बहीण तिथे खेळायची आणि तिच्या तोंडी दिवसभर तोच शब्द असायचा.

बहिणीचं नाव मी सांगत नाही. लोक तिला घार म्हणायचे, तेवढं पुरे. उंच उडून हवेतला चेंडू अशी टिपायची की खाली उभी असलेली प्रतिस्पर्धी मुलगी नुसती वर बघत राहायची.

माझं काम सोपं होतं. हंगामाच्या पहिल्या दिवशी प्रत्येक खेळाडूने बोटांना खडूची पूड लावायची, उडी मारायची आणि मला शिवायचं. बोटं जिथे टेकतील तिथे पांढरा ठसा उमटे आणि दादा त्याच्या शेजारी साल लिही. ठसा लाल रेघेच्या वर गेला तर ती पहिल्या पाचांत खेळायची. खाली राहिला तर बाकावर. संघाला शिकवणाऱ्या बाई कडक होत्या. त्या म्हणायच्या, "माझ्याशी वाद घालू नका, फळीला विचारा." हे ऐकलं की मला काय वाटायचं म्हणून सांगू. मी नाकासमोर चालणारी, कुणाची भीड न धरणारी. मला स्वतःचा मोठा अभिमान होता. तोच नडला.

घार विसाव्या वर्षी पहिल्यांदा मला शिवली, तेव्हा रेघेच्या वर दोन बोटं होती. मग तीन, मग चार. सव्विसाव्या वर्षी ती सहा बोटं वर आली. तसा ठसा माझ्यावर आधी कुणाचा नव्हता, नंतरही नाही. त्या वर्षी संघाने सगळे सामने जिंकले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतले. मीही फुशारले, खोटं कशाला सांगू.

सत्ताविसाव्या वर्षी ती पाच बोटं वर आली.

एकच बोट कमी झालं होतं. बाईंना त्याचं काही वाटलं नाही, त्यांनी पुढचं नाव पुकारलं. पण घार माझ्याखाली जमिनीवर बसली ती उठेना. सगळ्या घरी गेल्या तरी बसून होती. दादा बोलवायला आला, दोनदा म्हणाला, "चल, जेवण थंड होतंय." ती उठली, पण त्या दिवशी जेवली नाही. मला हे कसं कळलं ते पुढे येईल.

दुसऱ्या वर्षापासून दादाने माझी सेवा सुरू केली. मोजणीच्या आदल्या दिवशी तो एकटा यायचा, माझे स्क्रू काढायचा, मला बाकावर पालथी घालायचा, पाठीला तेल लावायचा आणि परत टांगायचा. मला वाटायचं, बघा, किती जीव आहे याचा माझ्यावर. टांगल्यावर समोरची खिडकी मला दरवर्षी जराशी वर गेल्यासारखी दिसायची. मी म्हणायचे, इमारत जुनी झाली, कुठेतरी खचत असणार. एकदा वाटलं, खिडकीच चुकीची बसवली असेल. स्वतःला सोडून मी सगळ्यांवर संशय घेतला.

आणि घार पाच बोटं वर येत राहिली. अठ्ठाविसाव्या वर्षी पाच, तिसाव्या वर्षी पाच, तेहेतिसाव्या वर्षीही पाच. लोकांनी तोंडात बोटं घातली. तिच्याबरोबरच्या सगळ्या खेळ सोडून संसाराला लागल्या होत्या आणि ही तशीच. वर्तमानपत्राचा माणूस आला, त्याने विचारलं, "तुम्ही खाता तरी काय?" ती म्हणाली, "दादा वाढेल ते." दादा कोपऱ्यात दाराची बिजागरी घट्ट करत होता. त्याने मान वर केली नाही.

पण मित्रांनो, काहीतरी बिनसलं होतं. फळीवर पाच बोटं वर असलेली घार सामन्यात चेंडू सोडू लागली. चेंडू तिच्या बोटांवरून जायचा, थोडक्यात जायचा, पण जायचा. तिने बूट बदलले. मग म्हणाली, दिवे डोळ्यांवर येतात. शेवटी एक दिवस दादाला म्हणाली, "दादा, रिंग वर सरकलीय का बघ बरं."

दादा शिडी घेऊन आला. मोजपट्टी धरून त्याने रिंगची उंची मोजली, तिला दाखवली. "जागच्या जागी आहे," तो म्हणाला.

"मग माझ्यातच खोट आहे," ती म्हणाली. "उडी तर तीच आहे, फळी सांगतेय. म्हणजे मीच मन लावत नाही. आळस भरलाय माझ्यात."

दादाने मोजपट्टी गुंडाळली आणि शिडी उचलली. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं होतं. मी चार हातांवर टांगलेली होते, आणि ती मोजपट्टी माझ्याकडे काही वळली नाही.

त्यानंतर घारीने स्वतःला जे राबवलं, ते मला बघवेना. सकाळी सगळ्यांच्या आधी यायची, पाठीवर वजन घेऊन उड्या मारायची, दुपारी हॉलच्या पायऱ्या चढायची-उतरायची. उजवा गुडघा सुजला. डॉक्टरीणबाई हॉलमध्ये येऊन म्हणाल्या, "विश्रांती घे, गुडघा थकलाय." घारीने माझ्याकडे बोट केलं. "गुडघा थकला असता तर पाच बोटं वर आले असते का?" डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं, खांदे उडवले आणि पट्टी बांधून गेल्या. मी तेव्हा ताठ मानेने साक्ष दिली. आज आठवलं की वाटतं, त्याच दिवशी मला वाळवी का लागली नाही.

आणखी एक गंमत होती, पण हसू येण्यासारखी नाही. नव्या मुलीही भराभर लाल रेघ ओलांडू लागल्या होत्या. बाई खूश होत्या, म्हणायच्या, ही पिढी उड्या चांगल्या मारते. फक्त सामने तेवढे हरत होतो. तीन वर्षं लागोपाठ हरलो आणि का, ते कुणालाच कळेना.

मग हॉलला रंग द्यायचं ठरलं. छत्तिसाव्या वर्षीच्या मोजणीच्या आदल्या दिवशी, सकाळी, रंगारी शिडीवर चढला. बडबड्या माणूस होता, भिंतीशीही बोलायचा. त्याने माझे स्क्रू काढले, मला खाली उतरवून भिंतीला टेकून उभं केलं आणि मग गप्पच झाला. घार पलीकडे गुडघ्याला शेक घेत बसली होती.

"ताई," रंगारी म्हणाला, "या फळीला पाय फुटलेत का?"

"का हो?"

"या, बघा. जिना केलाय हिने भिंतीवर."

ती लंगडत आली. तिच्याबरोबर मीही पहिल्यांदा ती भिंत पाहिली. माझ्या पाठीमागची भिंत, जी मी सोळा वर्षांत कधी पाहिली नव्हती. एकाखाली एक भोकं होती, बोटाबोटाच्या अंतरावर. वरची आठ लांबीचा लगदा भरून बुजवलेली, सगळ्यांत खालचं उघडं. आणि माझी वरची कड जिथे असायची त्याच्यावर रंगाच्या बोटभर रुंद पट्ट्या, एकीवर एक, प्रत्येक जराशी वेगळ्या छटेची. दरवर्षी मी जिथून खाली सरकले, तिथली उघडी पडलेली भिंत कुणीतरी गुपचूप रंगवून घेतली होती.

खिडकी हलली नव्हती. इमारत खचली नव्हती. मी खाली आले होते.

घार शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चढली आणि तिने भोकांवर बोट ठेवून मोजली. एक, दोन, तीन. आठापर्यंत मोजली आणि परत पहिल्यापासून मोजली. तिचा चेहरा भिंतीच्या जुन्या रंगासारखा पांढुरका झाला. तेवढ्यात दार वाजलं. दादा आत आला. हातात तेलाचा डबा आणि पेचकस. तो त्याच्या वार्षिक कामाला आला होता.

त्याने भिंत पाहिली आणि जागीच थांबला. रंगारी शहाणा माणूस, ब्रश धुवायचं निमित्त काढून बाहेर गेला.

"वरच्या भोकात लाव," घार म्हणाली.

"उद्या बाई येतील, तेव्हा सगळ्यांसमोर..."

"उद्या नको. आत्ता लाव."

दादाने लांबी उकरली. स्क्रू त्याच्या हातून दोनदा खाली पडला. दोन्ही वेळा तो तिने उचलून दिला. मी माझ्या खऱ्या जागी गेले. खिडकी तिच्या खऱ्या जागी आली. घारीने बोटं खडूत बुडवली, चार पावलं मागे गेली आणि उडाली.

ठसा लाल रेघेच्या खाली उमटला. चार बोटं खाली.

आठ वर्षांत मी पहिल्यांदा खरं बोलले होते, आणि देवाशपथ सांगते, त्या क्षणी मला खोटं बोलावंसं वाटलं. ती ठशाकडे बघत राहिली. रडली नाही. सत्ताविसाव्या वर्षी बसली होती तिथेच, माझ्याखाली, हळूच गुडघा सांभाळत बसली.

"इतकी वर्षं मी स्वतःला आळशी म्हणत होते, दादा," ती म्हणाली.

दादा तिच्या शेजारी जमिनीवर बसला. मग म्हणाला, "पहिल्या वर्षी एक बोट कमी आलं, त्या दिवशी तू जेवली नव्हतीस."

"एक दिवस नव्हते जेवले," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी जेवले असते."

दादा मान खाली घालून रडला. एवढा मोठा माणूस, मी त्याला आईच्या पलंगाची फळी काढतानाही रडताना पाहिलं नव्हतं. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, पण उठूनही गेली नाही. आपलेच दात, आपलेच ओठ, कुणाला बोल लावणार? दोघं तशीच बसली होती आणि वरून मी पाहत होते. मलाही कुणाकडे बघायची सोय उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांसमोर स्वतःच सांगितलं. बाईंना खुर्ची ओढून बसावं लागलं. मग सगळ्यांची मोजणी झाली आणि पंधरा जणींपैकी चौघी लाल रेघेच्या वर गेल्या. फक्त चौघी. बाई कितीतरी वेळ माझ्याकडे आ वासून बघत होत्या. सामने का हरलो, ते त्या दिवशी भिंतीवर लिहिलेलं होतं. पाचवी मिळेना म्हणून त्यांनी घारीकडे पाहिलं. ती म्हणाली, "रेघ ती रेघ, बाई," आणि बाकावर जाऊन बसली.

गुडघ्यावर उपचार झाले. बाकावर बसल्या बसल्या तिने एक नवीन गोष्ट शिकून घेतली. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, लांबून, नुसत्या मनगटाने चेंडू टाकायचा. उडायचं नाही. हंगामाच्या शेवटी बाईंनी तिला दहा मिनिटं खेळवलं आणि तिने सहा चेंडू टाकले, सहाही आत. ती आणखी दोन वर्षं अशीच खेळली आणि मग स्वतःहून थांबली. निरोपाच्या दिवशी ती दादाला म्हणाली, "हे मला तिसाव्या वर्षीच शिकता आलं असतं." एवढंच म्हणाली. पण मी ते विसरू शकत नाही, आणि तोही विसरला नसेल.

लोक विचारतात, मोठ्या खेळाडूचा बहर किती वर्षं टिकतो? मी मोजलाय, म्हणून सांगते. तिच्या उडीचा बहर सात वर्षांचा होता. नंतर दुसरा बहर यायचा होता, शहाण्या खेळाचा. त्याची आठ वर्षं आम्ही खाल्ली, त्याने मायेने आणि मी अभिमानाने.

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंची धूळ पुसा, तेल द्या, पण आधी मोजपट्टी घेऊन जमिनीपासून मोजून बघा. आणि आपल्या माणसाचं एक बोट कमी झालं, तर त्याला त्याच दिवशी सांगा. फळी हलवू नका.

ती अजून येते. हंगामाच्या पहिल्या दिवशी, सगळ्या मुलींच्या मागून, नुसती सवय म्हणून. आता मोजपट्टीचं एक टोक ती जमिनीवर धरते आणि दुसरं दादा माझ्या लाल रेघेला लावतो. मग ती खडू लावून उडी मारते, आणि तिने घालून दिलेल्या नियमाप्रमाणे ठसा दादालाच सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावा लागतो. दरवर्षी तो घसा खाकरतो.

"बोटभर कमी," दादा म्हणतो.

"बरं," ती बोटांचा खडू झटकत म्हणते. "चल, जेवायला जाऊ."