सहावी टक्कर

हिंदुराव भादव्यात गेले आणि दिवाळीच्या पाडव्याला त्यांचा एडका टकरीला निघाला. तुळजाबाईंना हे मुळीच पटलं नव्हतं.

"वरीस ऱ्हाऊ दे, दोन महिनं बी झालं न्हाईत त्यांना जाऊन," त्या नातवाला म्हणाल्या.

"आज्याच्याच नावानं नेतूय," संपत म्हणाला आणि त्यानं एडक्याची दोरी सोडली.

हिंदुराव जुने शिलेदार. राक्षसभुवनाच्या लढाईत उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि तलवार खुंटीला लागली ती कायमची. मग लोणी काळभोरची जमीन भावावर सोपवून ते शनिवार पेठेत येऊन राहिले आणि एडक्यांच्या नादी लागले. संपत तेव्हा आठ वर्षांचा. आजा-नातू पहाटेच मुठेच्या वाळूत एडका पळवायचे, भिजवलेले हरभरे तुपात घोळून चारायचे, त्याचं कपाळ हळदीनं चोळायचे. पुढं संपत पागेत बारगीर झाला, दोन पोरांचा बाप झाला, तरी पहाटेची वाळू चुकली नाही. तोफ्या हा दोघांनी मिळून वाढवलेला शेवटचा एडका.

टकरीत हिंदुरावांचा दंडक एकच. समोरच्या जनावरानं पाठ दिली की संपलं. ते स्वतः मध्ये घुसून आपल्या एडक्याचं शिंग धरायचे आणि लोकांनी गलका केला तर त्यांच्या सात पिढ्या उद्धरायचे.

तेराव्याला कसब्यातला भैरू जेवायला आला होता. अंगणात बांधलेल्या तोफ्याकडे बघून तो म्हणाला, "आता ह्याचा रस्सा करा. पळवणारा तर गेला." चारजण हसले. संपतच्या डोक्यात ते तसंच राहिलं होतं.

पाडव्याला नदीकाठी ही गर्दी. समोर भैरूचा लाल्या, तांबडा, मानेला खांबासारखा. दोघांनी दोऱ्या सोडल्या. एडके मागं मागं सरकले, क्षणभर थांबले आणि सुटले. कवटीवर कवटी आदळल्याचा आवाज पैलतीरावर जाऊन आला. दुसऱ्या टकरीला लाल्याच्या नाकातून रक्त आलं. तिसरी, चौथी. तोफ्याचाही डोळा सुजून बंद झाला. पाचव्या टकरीत लाल्याचं डावं शिंग मुळातून फाटलं. रक्ताची धार तोंडावर आली, तो लटपटला आणि पाठ फिरवून चालू लागला.

संपतनं तोफ्याचं शिंग धरलं. सवयीनंच.

"सोड रं! हिंदुरावाचा एडका हाय का शेरडू?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. भैरू लाल होऊन आपल्याच जनावराला काठीनं झोडपत होता. त्यानं लाल्याला वळवून उभा केला आणि संपतकडे बघून तो थुंकला. "का रं, म्हातारा मेला तशी हिंमत बी मेली?"

संपतनं हात काढला.

लाल्या पळालाही नाही. मान खाली घालून तो जागेवर थरथरत उभा होता. तोफ्या तीस पावलांवरून आला. काटकन आवाज झाला आणि लाल्याचे पुढचे पाय दुमडले. वाळूत त्याचे मागचे खूर थोडा वेळ हलत राहिले. लोकांनी फेटे उडवले.

मग भैरूची काठी संपतच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचं त्याला ऐकू आलं. त्यानं डाव्या हातानं भैरूच्या तोंडावर धोंडा हाणला, दोन दात सांडले. भैरूची माणसं धावली, पागेतले गडी धावले, पागोटी तुडवली गेली, एकाचा कान लोंबला. शेवटी कोतवालाचे प्यादे वेताच्या छड्या हाणत आले तेव्हा पांगापांग झाली.

तुळजाबाईंनी बांबूच्या कामट्या लावून नातवाचा हात बांधायला घेतला. वर न बघता त्यांनी विचारलं, "लाल्यानं पाठ दिली व्हती?"

त्यांनी गाठ थांबवली.

"व्हय," तो म्हणाला.

"मंग त्यांचं नाव कशाला घेतलंस?" त्यांनी गाठ अशी आवळली की त्याच्या डोळ्यांपुढं काळोखी आली. मग त्या उठून चुलीकडे गेल्या.

भाऊबिजेला उजाडताच संपत कुदळ घेऊन नदीवर गेला. भैरू तिथंच होता. सुजल्या तोंडानं लाल्याजवळ बसून तो कुत्र्यांना दगड मारत होता. रात्रभर बसला असावा. संपतला बघून त्यानं काठी उचलली आणि कुदळ बघून खाली ठेवली.

संपत एका हातानं खणू लागला. वाळू घसरून पुन्हा खड्ड्यात येत होती. बराच वेळ भैरू नुसता बघत होता. मग उठून त्यानं कुदळ हिसकावून घेतली.

"हातानं वाळू उपस," तो बोबडा बोलला. "दुधाच्या बोळ्यावर वाढवला व्हता म्या ह्याला. आई मेलेली ह्याची."

"चुकलं माझं," संपत म्हणाला.

"चुकलंच." भैरूनं दणादण चार घाव घातले. "आन् माजं बी. पर तुझं माफ न्हाई करणार म्या."

कमरेइतका खड्डा झाल्यावर दोघं वर आले. भैरूनं फाटक्या शिंगाखाली हात घालून डोकं उचललं आणि संपतला म्हणाला, "पाय धर."

संपतनं डाव्या हातात ते थंडगार, ताठलेले पाय धरले. आज्याला सरणावर ठेवतानाही तो रडला नव्हता. आता त्याला रडू आवरेना. भैरू लाल्याचं डोकं धरून संपतचं रडणं थांबायची वाट बघत उभा राहिला.