उलटी बसलेली निगेटिव्ह

विभागप्रमुखांना मुलं आपापसात संदर्भसर म्हणायची. सरांना प्यायला पाणी हवं असलं तरी ते आधी तहानेचा संदर्भ सांगतील, अशी मुलांची खात्री होती. एम. ए. छायाचित्रणाच्या त्या विभागात मॅडम डार्करूमचं, म्हणजे अंधाऱ्या खोलीत फिल्मवरून प्रिंट काढायचं, काम शिकवायच्या. त्यांची नेमणूक दर वर्षी सरांच्या सहीने पुढे सरकायची, त्यामुळे त्या बरंच काही मुकाट्याने गिळायच्या. आज मात्र घशाखाली काही उतरत नव्हतं.

परीक्षेसाठी वरच्या वर्गाच्या भिंतीवर त्यांच्या विद्यार्थिनीचे फोटो लागले होते. तिच्या वडिलांचे. झटका येऊन डावा हात लुळा पडलेला माणूस एकट्या उजव्या हाताने शर्टाची बटणं लावायला शिकतोय, एवढंच त्यात होतं. वडील चिडले की पोर कॅमेरा खाली ठेवून शेजारी बसून राहायची, ते निवळले की पुन्हा उचलायची. एवढं खरं काम अख्ख्या वर्गात कुणाचं नव्हतं, आणि तेच आज नापास व्हायच्या बेतात होतं.

त्याला कारण सरांचं संशोधन. विषय मोठा भारदस्त, ‘नाकारलेल्या प्रतिमा’. काम मात्र सोपं. डार्करूमच्या दाराशी कचऱ्याचा डबा असतो, त्यात मुलं फसलेले प्रिंट टाकतात. सर ते उचलायचे, त्यांचे फोटो काढायचे आणि भिंतीएवढे मोठे करून स्वतःच्या नावाने लावायचे. गेल्या महिन्यात तळमजल्यावरच्या दालनात त्यांचं प्रदर्शन उघडलं, तर आत शिरल्या शिरल्या समोर मुलीच्या वडिलांचा भिंतीएवढा फोटो. मॅडम तेव्हाच भांडल्या होत्या. सरांनी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि फोटो नेमका कुणाचा हा प्रश्नच आता कसा जुनाट झालाय ते समजावलं. दालनाच्या दारावर स्वतःचं नाव हातभर मोठं लिहून घेताना मात्र त्यांना काही जुनाट वाटलं नव्हतं.

बाहेरून आलेले परीक्षक तसे भले गृहस्थ होते. त्यांनी आधी दालन पाहिलं, मग वर येऊन भिंत पाहिली, आणि जे वाटलं ते सरळ सांगून टाकलं: मुलीचं काम सरांच्या कामावरून उचललेलं दिसतंय. सरांनी मोठं मन करून मान डोलावली. तरुण वय आहे, प्रभाव पडायचाच, म्हणाले. सहा महिन्यांनी नवं काम घेऊन येऊ दे. मुलगी भिंतीपाशी उभी होती. आपल्या फोटोंवर चर्चा चालू असताना आपण तोंड उघडायचं नाही, अशी विभागाची पद्धत. पोर ओठ घट्ट मिटून जमिनीकडे बघत राहिली. मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“सर, तुमच्या फोटोतल्या माणसाचा कुठला हात गेलाय?” त्यांनी विचारलं.

“उजवा,” सर म्हणाले. त्यावर त्यांनी पानंच्या पानं लिहिली होती. उजवा हात म्हणजे श्रम, उजवा हात म्हणजे सत्ता, तो निकामी होणं म्हणजे अमुक आणि तमुक. परीक्षक टिपून घ्यायला लागले.

“आणि पुरुषांच्या शर्टाला खिसा कुठल्या बाजूला असतो?”

परीक्षकांचा हात आपसूक स्वतःच्या छातीवर डावीकडे गेला. मॅडमनी सरांच्या प्रदर्शनाचं छापील पुस्तक उघडून त्यांच्यापुढे सरकवलं. त्यातल्या फोटोत शर्टाचा खिसा छातीवर उजवीकडे होता. मग मॅडमनी सगळं सांगून टाकलं. प्रिंट काढताना निगेटिव्ह यंत्रात उलटी बसली होती, डाव्याचं उजवं झालं होतं. मुलीच्या ते लगेच लक्षात आलं आणि तिने प्रिंट डब्यात टाकला. मॅडम तेव्हा तिथेच होत्या. तो का टाकला, एवढंसुद्धा सरांनी कधी कुणाला विचारलं नाही. ज्याच्यावर एवढं लिहिलं त्या माणसाला एकदा जाऊन भेटलेही नाहीत.

दुसरा कुणी असता तर शरमेने त्याची मान खाली गेली असती. सर हसले. उलटं असणं हाच माझ्या कामाचा गाभा आहे, म्हणाले. खरा हात कुठला हे ठरवणारे आपण कोण? आणि परीक्षकांची मान हळूहळू डोलायला लागली. या माणसाला विहिरीत ढकललं तरी हा खोलीवर व्याख्यान देत वर येईल, असं मॅडमना वाटलं.

तेव्हा मुलगी बोलली.

“सर, आत्या बाबांना तुमच्या प्रदर्शनाला घेऊन आली होती. तिला वाटलं, भावाचा एवढा मोठा फोटो लागलाय, बघून त्याला बरं वाटेल.”

सरांनी तिला पद्धतीची आठवण करून दिली. ती थांबली नाही.

“झटक्यापासून बाबांचा जरा गोंधळ होतो. तुमच्या फोटोत त्यांचा डावा हात बटणं लावतोय. घरी येऊन मला म्हणाले, माझा हा हात चालतोय की, तू मला सांगितलं का नाहीस? तेव्हापासून उजव्या हाताने काहीच करत नाहीत. सकाळी शर्ट अंगात चढवून दिला की नुसते बसून राहतात. मी बटणं लावायला गेले की मला ढकलतात. म्हणतात, फोटोत येतंय, मग आता का येत नाही?”

परीक्षकांनी वही मिटली.

“मला पास नका करू,” मुलगी म्हणाली. “तो फोटो उतरवा.”

मॅडम उठल्या. पुढच्या वर्षीच्या नेमणुकीचा विचार मनात डोकावला आणि रागाच्या भरात कुठच्या कुठे गेला. त्या तडक जिना उतरून दालनात गेल्या, मागोमाग मुलगी. फ्रेम दोघींना जड होती. एक बाजू खिळ्यावरून सुटली, दुसरी काही केल्या सुटेना. तेवढ्यात मागून येऊन कुणीतरी खालची कड धरली. परीक्षक होते. ते मॅडमच्या नजरेला नजर न देता एवढंच म्हणाले, “उचला.”

फ्रेम खाली आली. मॅडमनी ती भिंतीकडे तोंड करून ठेवली. पहारेकरी धावतच आला आणि कुणाला विचारून उतरवलीत, म्हणायला लागला.

“ज्यांचा फोटो आहे त्यांना,” मॅडम म्हणाल्या.

पहारेकऱ्याला हायसं वाटलं. “म्हणजे सरांना ना?”

“नाही,” मुलगी म्हणाली. “माझ्या बाबांना.”