खूण विसरलेली अँटिबॉडी

मित्रांनो, मी एक जुनी अँटिबॉडी आहे. सोलापुरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत, बोटाच्या पेराएवढ्या कुपीत, टाकून द्यायच्या डब्यात पडून आहे. खरं तर आम्ही कोट्यवधी बहिणी या कुपीत आहोत; पण सगळ्यांचं काम एक आणि लाजही एकच, म्हणून मी एकटीच बोलते.

माझा जन्म एका पांढऱ्या सशाच्या रक्तात झाला. मला गाळून, निवडून, बर्फात बसवून इथे पाठवलं. माझं काम ऐका. प्रत्येक पेशीत डीएनएचा लांबच लांब धागा असतो. इथल्या भवानी पेठेत विणकर कांडीवर सूत गुंडाळतात, तसा तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. या हिस्टोनांवर बारीक रासायनिक खुणा असतात. धाग्याचा कोणता भाग उघडा राहणार आणि कोणता मिटलेला, हे बरंचसं त्या खुणा ठरवतात. त्यांतली एकच खूण ओळखायची, तिलाच चिकटायचं आणि बाकीच्यांकडे ढुंकूनही पाहायचं नाही, एवढ्यासाठी मी जन्मले. मी चिकटले की पेशींतली प्रथिनं उतरवलेल्या पट्टीवर काळी रेघ उमटते.

वैरागची उत्कर्षा इथे संशोधन करते. पाणी तोडलेल्या ज्वारीत माझी ती खूण वाढते का, हे तिला शोधायचं होतं. तिचे वडील मानसिंग यांनी आपल्या कोरडवाहू रानातलं बी त्यासाठी स्वतः निवडून दिलं होतं. ती मला फ्रीजरमधून काढायची, बर्फातच ठेवायची आणि थेंबभर घेऊन लगेच परत आत ठेवायची. निरनिराळ्या खुणांचे ठिपके असलेली एक तपासणीची पट्टी असते. तिच्यावर मी फक्त माझाच ठिपका काळा करायचे. तिच्या मार्गदर्शक प्रभा मॅडम म्हणायच्या, "इतकी इमानी अँटिबॉडी मिळायला नशीब लागतं." मी फुगून जायचे. तेवढा गर्व मला होताच.

मग खंडेनवमी आली. प्रयोगशाळेचे शिपाई हिंदुराव दरवर्षी टेबल धुऊन हत्यारांची पूजा मांडतात. सूक्ष्मदर्शक, पिपेट, तराजू असं सगळं झेंडूच्या फुलांत बसलं. उत्कर्षाला वाटलं, आपलं खरं हत्यार तर ही कुपी. तिने मला बर्फाच्या वाटीत ठेवून पूजेत मांडलं. मला हळदीकुंकू लागलं. आरती झाली, प्रसाद वाटला आणि ती मला उचलायला आली.

"आता हात लावू नका, ताई," हिंदुराव म्हणाले. "मांडल्याली पूजा हलवत न्हाईत. उद्या दसऱ्याला उत्तरपूजा झाली की उचला की."

"पण बर्फ वितळेल, काका."

"देवाम्होरं ठिवलंय. काय हुतंय त्याला?"

उत्कर्षाला गावाकडची एसटी गाठायची होती. वाद घालत बसण्यापेक्षा मान हलवणं तिला सोपं गेलं. ती निघून गेली. ऑक्टोबरचं ऊन खिडकीतून थेट टेबलावर आलं, बर्फाचं पाणी झालं आणि पाणीही कोमट झालं. माझं अंग आत चुरगळत गेलं. आपली खूण नेमकी कोणती, हेच मला कळेनासं झालं.

दसऱ्यानंतर तिने मला पुन्हा कामाला लावलं. पाणी तोडलेल्या ज्वारीत दुसऱ्याच खुणा जास्त होत्या आणि मी दिसेल तिला चिकटत सुटले. पट्टीवर काळीकुट्ट रेघ उठली. ती माझीच खूण वाढली असं समजून प्रयोगशाळेत टाळ्या वाजल्या, पेढे आले. मॅडमनी विचारलं, "तपासणीची पट्टी लावलीस ना?"

"हो मॅडम," उत्कर्षा म्हणाली. पट्टी लावली होती, पण दसऱ्याआधी. मी ते ऐकलं आणि कुपीत तोंड लपवायला जागा शोधू लागले. मित्रांनो, आपल्या खोटेपणाची वाहवा ऐकत गप्प बसण्यासारखी शिक्षा नाही. मला तर बोलताही येत नव्हतं.

या शोधाचं पोस्टर छापून आलं आणि प्रयोगशाळेच्या भिंतीवर लागलं. ते पाहायला मानसिंग वैरागहून यायचे होते. त्याच दिवशी सकाळी, काय मनात आलं कोण जाणे, उत्कर्षाने तपासणीची पट्टी पुन्हा लावली. सगळे ठिपके काळे झाले. ती पट्टीकडे बघत स्टुलावर बसून राहिली.

तेवढ्यात मॅडमबरोबर मानसिंग आत आले. त्यांनी दाराशीच चप्पल काढली होती. त्यांनी कुपीकडे बोट केलं. "हीच व्हय ती? आमच्या ज्वारीचं गुपित दावणारी?" आणि त्यांनी टोपी सारखी करून मला हात जोडले.

ते खडबडीत हात माझ्यापुढे जोडलेले पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आप्पा, हात जोडू नका," उत्कर्षा म्हणाली. "ती बिघडलीय. पूजेत उन्हात राहिली. बर्फ वितळणार हे मला ठाऊक होतं, तरी मी निघून गेले. मॅडम, मी सांगितलेली पट्टी दसऱ्याआधीची होती. ही आजची."

मॅडमनी पट्टी हातात घेतली. मग भिंतीवरचं पोस्टर त्यांनी स्वतः उतरवलं. "नवी कुपी मागवू," त्या म्हणाल्या. "सगळं पहिल्यापासून. आणि यापुढे मला 'हो' म्हणताना पट्टी हातात घेऊन म्हण."

मानसिंगांचे हात खाली आले. "म्हंजी ज्वारीत ते न्हाईच?"

"ठाऊक नाही, आप्पा. अजून ठाऊक नाही."

"मी तर गावात सांगून बसलो की गं. देवळात, पारावर, सोसायटीत."

उत्कर्षाला मान वर करता येईना. मानसिंगांनी चप्पल पायात घातली. जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तू हितलं निस्तर. गावात मी सांगतो, अजून ठरल्यालं न्हाई म्हणून."

मित्रांनो, आता नवी कुपी फ्रीजरमध्ये आहे आणि तिला बर्फाबाहेर कुणी काढत नाही. माझ्याबद्दल हळहळू नका. फक्त जी वस्तू तुमच्या भरवशावर असते तिला वेळेवर सांभाळा आणि ती बिघडली तर त्याच दिवशी सांगा. उशीर झाला, की तुमची लाज घेऊन कुणीतरी म्हातारं माणूस गावभर एकेका दाराशी जातं.